काँगो : मोजणीबाहेरची माणसं

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



काँगोविषयी बोलायचं म्हटलं की सुरुवात खनिजांपासून करायची रीत पडली आहे. तांबं किती, कोबाल्ट किती, हिरे किती. मी सुरुवात मतदार कार्डापासून करणार आहे. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ साली झाली. तेव्हा लोकसंख्या तीन कोटींच्या आसपास भरली. आज ती दहा कोटींच्या पुढे असावी असं धरतात, पण हा अंदाज आहे. दारोदार फिरून केलेली शिरगणती नाही. गेल्या चाळीस वर्षांत राष्ट्रीय ओळखपत्रही सर्वसामान्य माणसाच्या हाती पडलं नाही. त्यामुळे निवडणुकीच्या निमित्ताने जे मतदार कार्ड मिळतं, तेच त्याचं ओळखपत्र. बँकेत खातं उघडायचं असो, मोबाइलचं सिम घ्यायचं असो, नाहीतर रस्त्यावर शिपायाने अडवलेलं असो, खिशातून काढून दाखवायचं ते हेच.

२०२३ च्या निवडणुकीआधी नवी कार्डं दिली गेली. त्यांची छपाई इतकी कच्ची होती की काही महिन्यांतच अनेकांच्या कार्डावरचं नाव पुसट झालं, फोटोतला चेहरा उडाला. मग दुय्यम प्रत मिळवण्यासाठी माणसं पुन्हा रांगांत उभी राहिली. किन्शासाच्या उन्हात, हातात जवळपास कोरं झालेलं कार्ड घेऊन, त्यावर आपलंच नाव होतं हे पटवून देत.

त्या रांगेत मला काँगोचं सगळं राजकारण दिसतं. या भूमीवर जी जी राजवट आली, तिने माल काटेकोरपणे मोजला आणि माणसं मोजायची टाळली. आणि तिथली माणसं मात्र प्रत्येक पिढीत उठून, मार खाऊन, पुन्हा त्याच दारात जाऊन सांगत राहिली की आम्हाला मोजा. ‘अपयशी राष्ट्र’ असा शिक्का मारून बाहेरचं जग मोकळं होतं, तेव्हा त्या देशातल्या नागरिकांची ही चिकाटी हिशेबातच धरली जात नाही. आज मला तिच्याविषयी बोलायचं आहे.

देश केवढा, ते आधी डोळ्यांपुढे आणू. क्षेत्रफळ सुमारे २३ लाख ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन-तृतीयांशाहून अधिक. दोनशेहून जास्त जनसमूह. कारभाराची भाषा फ्रेंच. लिंगाला, स्वाहिली, किकाँगो आणि त्शिलुबा या चार राष्ट्रीय भाषा. पश्चिमेला किन्शासा, आग्नेयेला तांब्या-कोबाल्टचा कातांगा, पूर्वेला रवांडा, युगांडाला लागून किवूचे डोंगर. या तिन्हींना जोडणारा धड रस्ता आजही नाही. नदी, विमान, आणि जिथे तीही नाही तिथे पायवाट.

मोजणीची गोष्ट १८८५ पासून सुरू होते. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने हा मुलूख स्वतःच्या नावावर करून घेतला, त्याच्या देशाच्या नव्हे. रबराला भाव आला तसा गावागावावर रबराचा कोटा बसला. टोपल्या तोलल्या जात, वजन वहीत चढे. कोटा भरला नाही तर बायकामुलं ओलीस. फौजेतल्या शिपायाला काडतुसं मोजून मिळत आणि खर्च केलेल्या प्रत्येक काडतुसाचा हिशेब म्हणून मेलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखवावा लागे. काडतूस शिकारीत गेलं असेल तर जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवला जाई. रॉजर केसमेंट या ब्रिटिश वाणिज्यदूताच्या १९०४ च्या अहवालाने हे जगापुढे आलं, पत्रकार एडमंड मोरेलने त्यावर चळवळ उभी केली, आणि १९०८ मध्ये राजाला ती वसाहत बेल्जियम सरकारच्या हवाली करावी लागली. किती माणसं मेली, यावर इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. त्याचं कारण साधं आहे : रबराचा हिशेब ठेवला होता, माणसांचा नव्हता.

बेल्जियम सरकारने हात तोडणं थांबवलं. खाणी, रेल्वे, दवाखाने, प्राथमिक शाळा उभ्या केल्या. उच्च शिक्षणाचं दार मात्र जवळजवळ बंदच ठेवलं. ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा विद्यापीठातून बाहेर पडलेले काँगोली पदवीधर वीसच्या आतच होते. त्याआधी मे महिन्यात पहिली राष्ट्रीय निवडणूक झाली. मत फक्त पुरुषांना होतं. पात्रीस लुमुम्बांचा पक्ष सर्वात मोठा ठरला आणि एकेकाळी टपाल कचेरीत कारकुनी केलेला हा चौतिशीचा माणूस पंतप्रधान झाला. स्वातंत्र्यसोहळ्यात बेल्जियमचा राजा बोदुअँ यांनी वसाहतीच्या उपकारांचं गुणगान केलं. लुमुम्बांनी उठून, राजासमोरच, फटके, अपमान आणि हिसकावलेल्या जमिनींचा पाढा वाचला. हे भाषण कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

पुढचे महिने फार वेगाने गेले. सैन्यात बंड झालं, ११ जुलैला कातांगातले पुढारी मोईझ त्शोम्बेंनी बेल्जियमच्या पाठबळावर कातांगा वेगळा काढला, सप्टेंबरात अध्यक्ष कासावुबूंनी लुमुम्बांना बडतर्फ केलं आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कातांगात, बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हजेरीत, त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मृतदेह आम्लात विरघळवला. उरला एक दात. तो बेल्जियमने कुटुंबाच्या स्वाधीन केला जून २०२२ मध्ये.

इथे आपला संबंध येतो. काँगोत उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेत भारताची ब्रिगेड गेली होती. ५ डिसेंबर १९६१ रोजी आजच्या लुबुम्बाशीत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. राजेश्वर दयाळ हे किन्शासात संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी होते. कातांगा काँगोतून फुटला नाही, यात भारतीय जवानांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. पण त्याच काँगोच्या पूर्वेला, बुटेम्बो शहरात, २६ जुलै २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेविरुद्धच्या दंगलीत तिच्यातले भारतीय सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. आपल्याकडे बातमी आली, श्रद्धांजली वाहिली गेली, विषय संपला. बुटेम्बोची माणसं शांतिसेनेवर एवढी का चिडली असतील, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. मला तो विचारायचा आहे, म्हणून या शहराचं नाव लक्षात असू द्या.

लष्करप्रमुख मोबुटूंनी २४ नोव्हेंबर १९६५ ला सत्ता घेतली आणि ती ३१ वर्षं सोडली नाही. देशाचं नाव झाईर झालं, पक्ष एकच उरला. १९७० च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार एकटे तेच. मतदाराला दोन रंगांच्या मतपत्रिका दिल्या : हिरवी आशेची, लाल गोंधळाची. विरोधात मतं पडली १५७. बाजूने पडली एक कोटीहून अधिक, आणि नंतर उघड झालं की एकूण मतं नोंदणीकृत मतदारांपेक्षा जास्त होती. माणसं मोजायची नसली की मतं कितीही मोजता येतात.

मोबुटूंच्या लुटीची वर्णनं भरपूर झाली आहेत. बादोलितेचा राजवाडा, भाड्याने घेतलेलं काँकॉर्ड विमान, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते १९९२. शीतयुद्ध संपलं, फ्रान्स-अमेरिकेचा हात आखडला, आणि मोबुटूंना राष्ट्रीय परिषद बोलवावी लागली. अध्यक्षपदी किसांगानीचे आर्चबिशप लॉरां मोन्सेंग्वो. पक्षांचे, चर्चचे, संघटनांचे प्रतिनिधी महिनोन्महिने बसून देशाचा हिशेब मागत होते आणि रेडिओवरून लोक ऐकत होते. सरकारने परिषद बंद पाडली, तेव्हा १६ फेब्रुवारी १९९२ रोजी, रविवारी, किन्शासातले हजारो ख्रिस्ती भाविक प्रार्थनेनंतर बायबल आणि मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, कित्येक माणसं मेली. परिषद पुन्हा सुरू झाली. तिने विरोधी नेते एत्येन त्शिसेकेदींना पंतप्रधान निवडलं. मोबुटूंनी त्यांना टिकू दिलं नाही. सत्तेच्या हिशेबाने सगळं फुकट गेलं असं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. मोबुटूंच्या राज्यात जन्मलेल्या एका अख्ख्या पिढीने त्या परिषदेत पहिल्यांदा राज्यकर्त्याला जाब विचारला जाताना ऐकला.

त्याच काळापासून किन्शासात वर्तमानपत्रांच्या ठेल्यांभोवती माणसं जमू लागली. अंक विकत घेण्यापुरते पैसे नसतात. दोरीवर टांगलेल्या अंकांचे मथळे वाचायचे आणि तिथेच उभ्याने वाद घालायचा. या जमावाला तिथे ‘उभी संसद’ म्हणतात. आपल्या गावातल्या पारावर निवडणुकीच्या दिवसांत जे चालतं, तेच. फक्त तिथे हेर कानोसा घेत असत आणि माणसं उचललीही जात.

नंतरची युद्धं मी थोडक्यात सांगतो. १९९४ चा रवांडातला वंशसंहार, सीमा ओलांडून आलेले लाखो निर्वासित आणि त्यांच्यात मिसळलेले मारेकरी, रवांडा-युगांडाच्या मदतीने मे १९९७ मध्ये किन्शासात शिरून मोबुटूंना हटवणारे बंडखोर नेते लॉरां काबिला, १९९८ चं दुसरं युद्ध, २००१ मध्ये काबिलांची हत्या, त्यांच्या जागी मुलगा जोझेफ. ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’ने काढलेला मृतांचा आकडा ५४ लाखांचा, बहुतेक मृत्यू गोळीने नव्हे, तर ताप, जुलाब आणि उपासमारीने. या आकड्याला इतर संशोधकांनी आव्हान दिलं. युद्ध नसतं तर किती माणसं मेली असती, हे ठरवायला पायाभूत नोंदीच नाहीत. लिओपोल्डच्या काळातला वाद शंभर वर्षांनी, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुन्हा तसाच उभा राहिला.

आणि तरी, युद्ध जेमतेम शमल्यावर, २००५ मध्ये मतदार नोंदणी सुरू झाली. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं विमानाने, होडीने, डोक्यावरून गावोगाव गेली. सुमारे अडीच कोटी माणसांनी रांग लावून नाव नोंदवलं. पायी कित्येक मैल चालत आलेली माणसं होती. काहींना मत द्यायचं होतं, काहींना आपलं नाव असलेला एक तरी सरकारी कागद हवा होता. या दोन इच्छा वेगळ्या काढू नयेत असं मला वाटतं. त्या डिसेंबरात सार्वमताने नवी राज्यघटना मंजूर झाली. तिच्या कलम २२० ने अध्यक्षाच्या मुदतीची आणि दोन कारकीर्दींची मर्यादा दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली. कलम ६४ सांगतं की बळाने सत्ता बळकावणाऱ्याला विरोध करणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे.

२००६ ची निवडणूक जोझेफ काबिलांनी जिंकली. २०११ ला तेच पुन्हा जिंकले. पण कार्टर सेंटरच्या निरीक्षकांनी निकाल विश्वासार्ह नसल्याचं सांगितलं. किन्शासातल्या जवळपास दोन हजार केंद्रांचे निकाल गहाळ झाले होते आणि कातांगात काही ठिकाणी १०० टक्के मतदान होऊन जवळजवळ सगळं काबिलांना पडलं होतं. मग जानेवारी २०१५ मध्ये सरकारने एक विधेयक आणलं : पुढची निवडणूक नव्या जनगणनेनंतरच घ्यायची. ऐकायला किती रास्त! पण ज्या देशात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रस्ता नाही तिथे जनगणनेला कित्येक वर्षं लागली असती आणि काबिला तोवर खुर्चीवर राहिले असते. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मानवाधिकार संघटनांच्या नोंदीप्रमाणे चाळीसच्या आसपास माणसं मारली गेली. सिनेटने ते कलम काढून टाकलं. ज्यांना तीस वर्षं कोणी मोजलं नव्हतं, त्यांचं मत हिरावून घ्यायला जनगणनाच हत्यार म्हणून वापरली गेली, आणि ते त्यांनी ओळखलं.

काबिलांची मुदत डिसेंबर २०१६ मध्ये संपली. ते गेले नाहीत. बिशपांच्या परिषदेने मध्यस्थी करून ३१ डिसेंबरला करार घडवला, तो पाळला गेला नाही. बरोबर एका वर्षाने कॅथॉलिक समाजातल्या सामान्य भाविकांच्या समितीने मोर्चे काढले. पुन्हा प्रार्थना, पुन्हा गोळ्या. या वेळी अश्रुधुराची नळकांडी चर्चच्या आत पडली. पूर्वेकडच्या गोमा शहरात २०१२ पासून ‘लुचा’ नावाची तरुणांची चळवळ होती. ती सुरू झाली नळाला पाणी आणि हाताला काम या मागण्यांतून. तिच्यातली मुलंमुली एव्हाना तुरुंगाला सरावली होती.

चर्चविषयी एक स्पष्ट करतो. वसाहतीच्या काळात चर्च हा सत्तेचा एक खांब होता, हे विसरून चालणार नाही. पण मोबुटूंनी १९७४ मध्ये मिशनच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि त्या चालवता न आल्याने १९७७ मध्ये परत केल्या. नव्वदच्या दशकात सरकारने शिक्षकांचा पगार देणंच सोडलं, तेव्हा पालकांनी पदरमोड करून तो भरला. पंचवीसेक वर्षं! सप्टेंबर २०१९ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं तोवर मुलाच्या फीसाठी आईने भाजी विकायची आणि त्या फीतून गुरुजींचा संसार चालायचा. याउलट घेण्याच्या कामात राज्य सर्वत्र हजर. २०१७ च्या एका पाहणीत किवूच्या दोन प्रांतांत रस्त्यांवर सुमारे ८०० वसुली नाके आढळले. काही बंडखोरांचे, पण बरेचसे खुद्द सरकारी फौजेचे. कोळशाचं पोतं, केळीचा घड, सायकल, सगळ्याला पैसे. असं राज्य ज्यांच्या वाट्याला आलं त्यांनी राज्याकडे पाठच फिरवली असती तर नवल नव्हतं. त्यांनी ती फिरवली नाही.

आता २०१८. अखेर निवडणुकीची तारीख ठरली ३० डिसेंबर. चार दिवस आधी निवडणूक आयोगाने जाहीर केलं की बेनी, बुटेम्बो आणि युम्बी इथलं मतदान मार्चवर ढकललं आहे. कारण इबोला आणि हिंसाचार. नवा अध्यक्ष तर जानेवारीतच शपथ घेणार होता. म्हणजे बारा लाखांवर मतदारांची मतं मोजणीत धरलीच जाणार नव्हती. बेनी आणि बुटेम्बो हे विरोधकांचे बालेकिल्ले. तिथे २०१४ पासून कोयत्याने होणारी हत्याकांडं चालू होती, शांतिसेना जवळ असूनही. इबोलाच्या साथीतही बाजार, शाळा, प्रचारसभा सुरू होत्या. बंद झालं ते फक्त मतदान.

तीस तारखेला सकाळी बेनीत माणसं घराबाहेर पडली आणि त्यांनी आपली निवडणूक आपणच घेतली. मतपेट्या उभ्या केल्या, कागदाच्या मतपत्रिका केल्या, याद्या केल्या. रांगेच्या तोंडाशी पाणी ठेवलं. प्रत्येकाने हात धुवायचे आणि मगच मत टाकायचं. इबोलामुळे मतदान धोक्याचं आहे म्हणता ना, मग बघा, आम्हाला काळजी घेता येते. हजारो माणसं तासन्‌तास उभी होती. या मताला कायद्याने काडीचीही किंमत नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. लोकशाहीवरची जाडजूड पुस्तकं मी आयुष्यभर वाचत आलो. नागरिकत्वाचा याहून स्वच्छ पुरावा मला त्यांत मिळालेला नाही. साडेतीन वर्षांनी बुटेम्बोचा राग शांतिसेनेवर फुटला, तेव्हा त्यामागे हे सगळं साचलेलं होतं. त्याने आपल्या जवानांचे मृत्यू समर्थनीय ठरत नाहीत. ते का झाले, हे मात्र कळतं.

उरलेल्या देशात मतदान झालं. काँगोत मतं केंद्रावरच मोजतात आणि निकालाचा कागद दाराबाहेर लावायचा असतो. बिशपांच्या परिषदेने सुमारे ४० हजार निरीक्षक नेमले होते. शिक्षक, परिचारिका, चर्चमधले स्वयंसेवक. त्यांनी ते कागद वाचले, आकडे कळवले. १० जानेवारी २०१९ ला आयोगाने फेलिक्स त्शिसेकेदींना ३८.५७ टक्के मतांनी विजयी घोषित केलं, विरोधी उमेदवार मार्टिन फायुलूंना ३४.८ टक्क्यांवर दुसरं ठेवलं. त्याच दिवशी बिशपांनी सांगितलं की हे आकडे आमच्याकडच्या आकड्यांशी जुळत नाहीत. आयोगाने केंद्रवार निकाल प्रसिद्धच केले नाहीत. घटना न्यायालयाने निकाल कायम केला. देशाच्या इतिहासातलं पहिलं शांततापूर्ण सत्तांतर म्हणून जगाने त्याचं स्वागत केलं आणि मला वाटतं ती जगाची मोठी चूक होती. स्थैर्यापुढे मोजणी गौण ठरवली की स्थैर्यही हाती लागत नाही. त्या आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष कोर्नेय नांगा यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नैरोबीत, एम-२३ या बंडखोर संघटनेला सोबत घेऊन, नवी आघाडी उभी केली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी ज्या संघटनेमागे रवांडाचं सैन्य असल्याचं नोंदवलं आहे, तीच ही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा तिच्या हाती गेलं, फेब्रुवारीत बुकावू शहर. मतं मोजायला नेमलेला माणूस बंदूकधाऱ्यांचा पुढारी झाला!

त्शिसेकेदी २०२३ मध्ये ७३ टक्क्यांवर मतं घेऊन पुन्हा निवडून आले. ते त्याच एत्येन यांचे चिरंजीव. मतदान एका दिवसाऐवजी कित्येक दिवस रेंगाळलं; मतदान यंत्रं घरात ठेवल्याच्या आणि इतर गैरप्रकारांच्या आरोपांवरून संसद आणि प्रांतांच्या निवडणुकीतले ८२ उमेदवार आयोगाला बाद करावे लागले. मासिसी आणि रुत्शुरू या तालुक्यांत एम-२३ मुळे नोंदणीच पूर्ण झाली नाही. तिथले विस्थापित गोम्याभोवतीच्या छावण्यांत ताडपत्रीखाली होते, कार्डाविना. गोमा पडल्यावर त्या छावण्याही मोडल्या गेल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये किसांगानीच्या सभेत अध्यक्षांनी नव्या राज्यघटनेची भाषा सुरू केली. ज्या वडिलांनी उभं आयुष्य एका माणसाच्या खुर्चीविरुद्ध घालवलं, त्यांचा मुलगा कलम २२० ला हात घालणार का, यावर आज किन्शासातल्या ठेल्यांपाशी वाद चालू आहे. बिशप विरोधात उभे आहेत. २७ जून २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये रवांडाशी शांतता करार झाला. त्यातही खनिजांची चर्चा मोठी आहे.

पुढची निवडणूक घटनेप्रमाणे २०२८ च्या अखेरीस यायला हवी. ती झाली तर विजयी कोण, यापेक्षा मी दोन गोष्टी आधी शोधणार आहे : मासिसी-रुत्शुरूच्या माणसांची नावं यादीत आली का, आणि आयोगाने प्रत्येक केंद्राचा निकाल वेगवेगळा छापला का.